मूळ गावासाठी बारा पोस्टकार्डं

मी फक्त बारा पोस्टकार्डं लिहायचं ठरवलं होतं. बारा पोस्टकार्डांतून आपल्या अंगणात हाणामारीची वेळ येईल, असं कुणाच्या मनात येईल? माझ्या तरी आलं नाही. (माझं शिक्षण पाचवीपर्यंत. तो धडा बहुधा सहावीत असावा.)

मी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुतो. राहायला चिखलीला. घरात मी आणि वडील, भैरू. आई जाऊन चार वर्षं झाली. गेल्या दसऱ्यानंतर शेजारच्या इंदुताईंनी माझ्यासाठी निघोज्याचं स्थळ आणलं. मुलीचं नाव शकू. आम्ही पाहायला गेलो. पोहे झाले, पाणी झालं, मग सगळे म्हणाले, "अरे ज्योतीराम, मुलीला काहीतरी विचार की!" मी बराच वेळ घोंगडीच्या काठाकडं बघितलं आणि विचारलं, "पाणी मिळेल का?"

पाण्याचा तांब्या तिनं नुकताच माझ्या हातात दिला होता.

ती हसली. त्या हसण्यापायी मी पुढचे तीन दिवस धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धुतल्या.

मुलीचे वडील धर्माजी. निघोज्याचे जुने शेतकरी, बोलायला सडेतोड. ते म्हणाले, "पोरगा कंपनीत हाय, सुपारीच्या खांडाचंबी व्यसन न्हाई, समदं ब्येस. पर तुमचं मूळ गाव कंचं?"

"चिखली," वडील म्हणाले.

"ते आत्ताचं. मूळ?"

"माझा बा दुष्काळात आला इकडं."

"कुठनं?"

वडिलांनी विचार केला. "दुष्काळातनं," ते म्हणाले.

यात वडिलांचा दोष नाही. साठ वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात आजोबा, म्हणजे दत्तोबा, पाठीवर बोचकं बांधून चिखलीला आले. कुठून आलात, असं कुणी विचारलं की ते चिलीम पेटवायचे. पुन्हा विचारलं की चिलीम विझेपर्यंत बोलायचे नाहीत. शेवटी गावानंच त्यांना 'दुष्काळे' म्हणायला सुरुवात केली आणि तेच आमचं आडनाव झालं. म्हणजे लोकांना आडनावावरून गाव तरी सापडतं, आम्हाला आडनावावरून फक्त हवामान सापडत होतं.

धर्माजींनी मान हलवली. "मूळ न्हाई, कुळी न्हाई, देवक न्हाई. उद्या तुमचं-आमचं देवक एकच निघालं म्हंजे? भावा-भनीचं लगीन लावल्यावानी व्हईल. तुळशीच्या लग्नापतुर मूळ हुडका. न्हाईतर चऱ्होलीचं स्थळ हाय. त्या पोराचा बाप नऊ पिढ्या एका दमात म्हनून दावतो."

मी घरी आलो आणि एका दमात किती पिढ्या होतात ते म्हणून बघितलं. तीन झाल्या. त्यातली एक मी होतो.

कुणीतरी सांगितलं, नाशिकला जा, तिथल्या उपाध्यांच्या वह्यांत सगळ्या घराण्यांची नावं असतात. मी रजा टाकून गेलो. गुरुजी फार सज्जन. त्यांनी चष्मा पुसला, पुढ्यात लांबलचक वही ओढली आणि विचारलं, "गाव?"

"गाव सापडावं म्हणून तर आलोय."

"बरं, आडनाव?"

"दुष्काळे. पण ते खरं नाही."

"मग खरं काय?"

"ते गाव सापडलं की सापडेल."

गुरुजींनी चष्मा काढून पुन्हा पुसला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला विन्मुख पाठवणं त्यांच्या जिवावर आलं असावं. त्यांनी एक कोरं पान काढलं, झोकदार अक्षरात माझं नाव लिहिलं आणि म्हणाले, "आता तुमच्यापासून सुरू करू. पुढच्या पिढ्यांची तरी सोय होईल."

पूर्वज शोधायला गेलेला मी, स्वतःच मूळपुरुष होऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उद्धवरावानं माझं तोंड बघितलं. उद्धवराव उस्मानाबादकडचा, माझ्या शेजारच्या हौदावर बाटल्या धुतो. जगातल्या सगळ्या अडचणींवर त्याच्याकडं तोडगा असतो. (त्याच्या स्वतःच्या सोडून.)

"असं सुतक धरून काय बसायलास?" त्यानं विचारलं. मी सगळं सांगितलं.

"येडा हैस. भाऊबंद कधी हुडकायचा असतो का? जमिनीचा वास काढला की तो आपल्या पायानं येतो. कार्डं टाक गावोगावच्या पाटलांना!"

"पण कुठल्या गावांना?"

"आजा दुष्काळातनं आला ना? मग नकाशावर जितं नदी न्हाई, तितं टाक."

चिखलीच्या शाळेतल्या भिंतीवर नकाशा आहे. मी मास्तरांच्या परवानगीनं त्याच्यासमोर उभा राहिलो आणि निळी रेघ जिथं जिथं नव्हती तिथली बारा गावं उतरवून घेतली. प्रत्येक पाटलाला लिहिलं : 'दत्तोबा नावाचा इसम साठ वर्षांपूर्वी दुष्काळात गाव सोडून गेला. त्याच्या भाऊबंदांनी येत्या कार्तिकी दशमीच्या रविवारी मौजे चिखली येथे यावे. विषय : जमीन.'

मी खोटं लिहिलं नव्हतं. आम्हाला जमीन आहे. घराच्या मागं दीड गुंठा, त्यात एक शेवग्याचं झाड. उद्धवराव म्हणाला, "किती ते लिहू नको. कार्डावर जागा कमी असती." आणि मी धर्माजींनाही निरोप धाडला : रविवारी या, मूळ सापडतंय.

रविवारी सकाळी दोन भाऊ आले, धाकट्याचं नाव बाळाजी. त्यांनी वडिलांना दारातच मिठी मारली. "दत्तोबा म्हणजे आमच्या आजाचा सख्खा भाऊ! आजा मरताना दत्तू, दत्तू करत गेला!" वडिलांचे डोळे भरून आले. माझेही आले. मी त्यांना चहा दिला.

चहा संपतोय तोवर दुसऱ्या तालुक्यातले चौघे आले. त्यांचा दत्तोबा चुलत चुलता होता. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं माझं नाक चिमटीत धरून सगळ्यांना दाखवलं. "बगा, बगा! आमच्या घराण्याचं नाक!"

"नाक आमचं आहे," बाळाजी म्हणाला.

"तुमचं नाक बसकं हाय!"

मग तिसरे आले. मग एक बैलगाडी आली. माझं नाक मधे, आणि चारी बाजूंनी माझी घराणी. बायका गोळा झाल्या, इंदुताईंनी शेजारपाजारची कपबशी आणली, कुणीतरी कुणाच्या तरी पागोट्याला हात घातला, आणि नेमकं तेव्हाच धर्माजी दोन माणसं घेऊन अंगणात उभे राहिले.

"धा दिसांमागं ह्याला एक मूळ न्हवतं," ते म्हणाले, "आज चार?"

चऱ्होलीच्या त्या माणसाच्या नऊ पिढ्या मला एका दमात डोळ्यांसमोरून जाताना दिसल्या.

"जमीन दाखवा की आधी," मागून कुणीतरी म्हणालं. "मग खऱ्या-खोट्याचं बघू."

सगळेजण माझ्यामागून घराच्या पाठीमागं आले. मी शेवग्याच्या झाडाकडं बोट केलं.

"हे झालं कुंपण. जमीन?"

"हीच," मी म्हणालो.

वरून शेवग्याची एक वाळकी शेंग पडली. मग नाकवाल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. "न्हाई," तो म्हणाला, "आमचं नाक जरा लांबट असतंय." बाळाजीलाही आठवलं की आजा दत्तू नव्हे, बहुधा बापू, बापू करत गेला होता. पाऊण तासात अंगण रिकामं झालं. उरल्या त्या एकतीस उष्ट्या कपबश्या, वडील, मी आणि आपल्या दोन माणसांसह धर्माजी.

धर्माजी पायात वहाणा घालत म्हणाले, "राग मानू नका भैरूभाऊ. पर आता चऱ्होलीलाच होकार कळिवतो."

आणि तेवढ्यात वाटेवरून आरडाओरडा ऐकू आला.

पंचाहत्तरीचा एक काटकुळा म्हातारा, हातात काठी, पिंपरी स्टेशनापासून चालत आल्यामुळं गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला. फाटकातून आत पाऊल टाकायच्या आधीच तो गरजला, "कुटं हाय त्यो दत्तू? बाहीर काढा चोराला!"

"ते वारले. बारा वर्षं झाली," वडील म्हणाले.

"वारला? मला न सांगता?" म्हातारा आणखीच भडकला. "मग तू कोन?"

"मी मुलगा, भैरू."

"मग तू दे! नाडा दे आमचा!"

"जमिनीचं म्हणाल तर—" मी भीतभीत सुरुवात केली.

"जमीन घाल खड्ड्यात! मोटंचा नाडा कुटं हाय आमचा?"

त्याचं नाव कोंडाजी शेडगे, गाव माण तालुक्यातलं खडकीवाडी. माझं कार्ड शेजारगावच्या पाटलाकडं गेलं होतं आणि ते बाजारात मोठ्यानं वाचलं गेलं. ते ऐकून हा माणूस तसाच उठून निघाला. काठी आपटत त्यानं सांगितलं ते असं : भावकीत एक विहीर, एक मोट आणि मोट ओढायचा एक नाडा, मनगटाएवढा जाड. दुष्काळात विहीर आटली. दत्तोबानं विचार केला, पाणी नाही तर नाडा काय कामाचा? त्यानं त्याच नाड्यानं बोचकं बांधलं आणि गाव सोडलं.

"आन् वरीसभरानं पाऊस पडला!" कोंडाजी ओरडला. "हीर तुडुंब भरली! आमी समदे हिरीच्या काठावर हुबं, खाली पानी, आन् नाडा न्हाय! दुसरा वळंपतुर पीक वाळून ग्येलं! म्या पंधरा वर्साचा व्हतो. तवाच ठरिवलं, ह्यो दत्तू सापडला की सोडायचा न्हाय!"

वडील घरात गेले, फळीवर चढले, आणि आढ्याजवळून काळपट दोराचं एक भलंमोठं वेटोळं घेऊन आले.

"बा म्हणायचा, ह्याला हात लावू नका, हा परत द्यायचाय," ते हळूच म्हणाले. "कुणाला ते कधी बोलला नाही."

आजोबा गावाचं नाव का सांगत नव्हते ते मला तेव्हा कळलं. गाव सांगितलं असतं, तर नाडा सांगावा लागला असता.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" मी वडिलांना विचारलं.

"तू गाव विचारलंस. दोराचं कुठं विचारलंस?"

कोंडाजीनं तो नाडा हातात घेतला. टोकाची गाठ बोटांनी चाचपली. "माज्या बानं मारल्याली गाठ हाय ही," तो म्हणाला, आणि मटकन खाली बसून नाड्यात तोंड खुपसून रडायला लागला. वडील त्याच्याजवळ बसले. कोंडाजीनं त्यांना गळ्याशी धरलं, बराच वेळ धरलं, आणि मग एकदम मागं ढकलून म्हणाला, "मधल्या अंगाला उंदरानं खाल्लाय! येवस्थित ठिवता येत न्हाय?"

धर्माजींनी वहाणा पुन्हा काढल्या.

"साठ वर्सं पोटात राग ठिवून एवढ्या लांबनं भांडायला यायचं," ते म्हणाले, "हे सख्ख्या भाऊबंदाबगार कुनाला जमायचं न्हाई. हे मूळ खरं." मग त्यांनी घसा खाकरला. "देवक कंचं तुमचं?"

माझ्या छातीत कारखान्याच्या सगळ्या बाटल्या एकदम वाजल्या.

"सूर्यफूल," कोंडाजी नाक पुसत म्हणाला. "तुमचं?"

"पंचपालवी."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "मग काय राव," कोंडाजी म्हणाला, "लावा की हळद!"

लग्न मार्गशीर्षात निघोज्याला झालं. काय सांगू तुम्हाला! ज्या वराकडून वडील आणि इंदुताई मिळून दोनच माणसं येणार होती, त्याच्यासाठी खडकीवाडीहून आख्खा ट्रक आला. एकसष्ट शेडगे! हलगी वाजवत उतरले. पत्रिकेत 'ज्योतीराम भैरू शेडगे' असं छापलं होतं. ती पत्रिका मी कारखान्यात सगळ्यांना दाखवली, नाशिकच्या गुरुजींना टपालानं धाडली. उद्धवराव माझ्यापेक्षा जास्त मिरवत होता. चऱ्होलीचे नऊ पिढ्यावालेही जेवायला आले होते. कोंडाजीकाकानं त्यांना अकरा पिढ्या म्हणून दाखवल्या, त्याही पंगतीत, तोंडात बुंदी असताना. मी मुंडावळ्यांच्या आडून हे सगळं बघत होतो आणि माझी छाती अंगरख्यात मावत नव्हती. शेवटी मी एकट्यानं, पाचवी शिकलेल्या माणसानं, हरवलेलं घराणं शोधून काढलं होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाहुणे जरा लवंडलेले असताना, शकू पहिल्यांदा माझ्याशी आपण होऊन बोलली. ती भिंतीला टेकून, एक हात कमरेवर ठेवून बसली होती.

"येक सांगू का?"

"सांग की," मी म्हणालो. कौतुक ऐकायला मी थोडा पुढं सरकलो.

"तुमचं स्थळ मला का आवडलं, ठावं हाय?"

"नोकरीमुळं?"

"न्हाई."

"मग... माझ्या स्वभावामुळं?" (हे विचारताना मी भिंतीकडं बघत होतो.)

"न्हाई वो. माज्या तिनी भनींच्या सासरी भावकी म्हंजे नुसता बाजार. ह्यांच्या पाया पड, त्यांचं उष्टं काढ, ह्यो रुसला, तो फुगला. इंदुताई म्हनली, चिखलीच्या पोराला मागं-म्होरं येकबी भाऊबंद न्हाई. म्या तिथंच व्हय म्हनलं." तिनं कमरेवरचा हात जरा दाबला. "काल एकसष्ट जनांच्या पाया पडलीया म्या. आन् माजी आई म्हनती, तुमी सोताहून कार्डं धाडून हुडकलं त्यास्नी?"

मी उठलो, आणि मुकाट्यानं कमरेला चोळायचं तेल शोधायला गेलो.