अकरा अधिक पाच

मोक आजींचे अकरा गुण झाले होते, पण हे गुण कुणाला सांगत मिरवण्यासारखे नव्हते. हाँगकाँगच्या सरकारी वसाहतीत भाडेकरूच्या पापांना गुण मिळतात आणि सोळा भरले की घर जातं. नवव्या मजल्यावरच्या त्या घरात आजींची एकतीस वर्षं गेली होती. आता खालच्या मजल्यावरच्या यिपने तक्रार ठोकली होती, की म्हातारीच्या एसीचं पाणी आपल्या रजईवर टपकतं. टपकत्या एसीचे पाच. अकरा आणि पाच किती, हे आजींना बोटं न मोजता येत होतं.

तपासणीला वसाहतीच्या कार्यालयातून ताम बाई आल्या, त्या नेमक्या नातवाच्या महिनापूर्तीच्या दिवशी. आजींनी पहाटे साठ अंडी उकडून लाल रंगवली होती आणि रिवाजाप्रमाणे मजल्यामजल्यावर वाटली होती. यिपच्या दाराशी मात्र वाडगा ठेवून, बेल दाबून त्या सटकल्या होत्या.

ताम बाईंनी पिशवीतून बाटली काढून एसीत रंग ओतला. खाली रंगीत थेंब पडला की गुन्हा शाबीत. रंग लाल होता.

"निळा नाही का गं, पोरी? आज घरात लाल जरा जास्तच झालंय."

"हाच शिल्लक होता, आजी."

पाव तासात यिपचा फोन आला. रजई लाल झाली होती. आजींनी उरल्यासुरल्या अंड्यांचा वाडगा घेतला. घर गेलं तरी आजच्या दिवशी कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं.

दोघी खाली उतरल्या, तेव्हा यिप बनियनवरच दारात उभा होता. खिडकीतली रजई दाखवत त्याने म्हातारी नियम कशी धाब्यावर बसवते, ते पहिल्यापासून सांगितलं. ताम बाई डागांकडे बघत राहिल्या. चार डाग उभे होते, एक आडवा. त्यांनी आपला पंजा वर ठेवून पाहिला. तो बरोबर बसला. टेबलावर लाल टरफलांचा ढीग होता.

"यिप काका, पाणी पाच बोटांनी टपकतं होय?"

यिपने हात पाठीमागे नेले. "महिन्याच्या पोराचं अंडं आहे. नाही कसं म्हणणार?"

"सहा होती," आजी म्हणाल्या.

तेवढ्यात रजईवर टप्पकन थेंब पडला, स्वच्छ पाण्याचा. तिघांनी वर पाहिलं. खिडकीबाहेर वरच्या आकड्याला यिपचा स्वतःचा फरशी पुसायचा पोचा टांगलेला होता, ओलाचिंब. बाहेर टांगलेल्या पोच्याचे तीन. ताम बाईंनी पेन काढलं.

"माझे तेरा झालेत," यिप आजींच्या कानाशी पुटपुटला.

खरं तर आजींना आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. पण तेरा आणि तीनसुद्धा त्यांना बोटं न मोजता येत होते, आणि रात्ररात्र त्या बेरजेने झोप कशी उडते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी वाडगा पुढे केला.

"घे, पोरी. दोन्ही हातांनी घे, तरच बाळाला लाभतं."

पेन खाली ठेवणं भाग होतं. अंड्यांचा रंग अजून ओला होता. ताम बाईंनी आपल्या लाल तळव्यांकडे पाहिलं, मग पांढऱ्याशुभ्र सरकारी फॉर्मकडे.

"हात पुसायला काही आहे का?"

"नाही," यिप आणि आजी एकदमच म्हणाले.

ताम बाईंना हसू आवरेना. पोचा आत घ्या, एवढंच बजावून त्यांनी कोपराने दार लोटलं आणि त्या गेल्या.

सकाळचा वाडगा अजून यिपकडेच होता, आणि वाडगा रिकामा परत करायचा नसतो. यिपने घरभर शोधलं, पण घरात द्यावं असं काही नव्हतं. शेवटी त्याने आपल्या तक्रारीची प्रत काढली, तिचे चार तुकडे केले आणि वाडग्यात घालून तो दोन्ही हातांनी आजींना दिला.