व्हरांड्यातला चेअरमन

"शनिवारी संध्याकाळपर्यंत तो मासा माझ्या बाथटबातून निघाला नाही, तर रविवारी तो माझ्या पातेल्यात असेल," उफुओमा म्हणाली आणि अशा काही त्वेषाने कांदा चिरायला लागली की ब्रुमेने नजरच वळवली.

तो मासा म्हणजे चेअरमन. हातभर लांब, काळाभोर, लांब मिशांचा मांगूर. मागच्याच्या मागच्या नाताळात ब्रुमेने त्याला सूप करायला म्हणून जिवंत आणला आणि एका रात्रीपुरता टबात सोडला. सकाळी ब्रुमे दात घासायला गेला, तर पावलं वाजताच हे महाशय वर आले आणि मिशा हलवत त्याच्याकडे बघत राहिले. बंदरावरच्या कस्टम ऑफिसात ब्रुमे साहेब होता, तेव्हा त्याची पावलं वाजली की अख्खं ऑफिस उठून उभं राहायचं. निवृत्त झाल्यापासून उठणारा हा पहिलाच. ब्रुमेचा जीव जडला तो जडलाच. त्या नाताळात घरात कोंबडी शिजली.

"एक दिवस बादलीनं आंघोळ केलीस तर काय झिजशील?" असं ब्रुमे तेव्हा बायकोला म्हणाला होता. त्या एका दिवसाची आता दोन वर्षं होत आली होती, आणि रविवारी उफुओमाचा थोरला भाऊ लागोसहून यायचा होता.

"तुमच्या माशाला टब आणि माझ्या भावाला बादली? माहेरी तोंड दाखवायला जागा राहील का मला, एजिरोचे बाबा?"

एजिरो म्हणजे त्यांची मुलगी. ती लग्न होऊन गेल्यामुळे ब्रुमेची बाजू घेणारं घरात कुणी उरलं नव्हतं. हातपाय हलवणं भाग होतं.

नदीकडचं एक सूपघर नुकतंच बंद पडलं होतं. वॉरी शहरात अशी सूपघरं गल्लोगल्ली. दाराशी काचेची टाकी, टाकीत जिवंत मांगूर. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं, मालकाने तोच मासा काढून झणझणीत सूप करायचं. आणि एकदा बोट दाखवलं की मासा त्याचा, मग मागून कुणी कितीही मोठा माणूस येवो. त्या सूपघराची पलंगाएवढी जुनी टाकी ब्रुमेने उचलली. ती फाटकातून आत येताना बघून शेजारचा वेल्डर ओचुको धावतच आला.

"ओगा, ही ठेवणार कुठे?" वॉरीत साहेबाला ओगा म्हणतात.

"बैठकीत. टीव्हीच्या टेबलावर."

ओचुकोने कपाळावर हात मारून घेतला. "पाणी भरलं की ही टॅक्सीएवढी जड होते! टेबल खचेल, काच फुटेल आणि मॅडम पोहत पोहत तुम्हाला शोधायला येतील. सासऱ्यांची टाकी मी अशीच फोडली होती. अजून बोलत नाहीत माझ्याशी. तसा सुखात आहे म्हणा, पण तुम्हाला परवडायचं नाही."

मग सगळं ओचुकोच्या हुकमाने झालं. त्याने लोखंडी स्टँड जोडला. त्यावर अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून, एक डोळा मिटून, स्टँड समतल आहे का ते बघितलं. काचेखाली थर्माकोल घातला. सांध्यांमधला जुना चिकट मसाला खरवडून नवा भरला आणि तो वाळेपर्यंत ब्रुमेला टाकीला बोटसुद्धा लावू दिलं नाही.

"आणि पहिलं पाणी घराबाहेर भरायचं. खाली रद्दी पसरायची. दोन दिवस रद्दी कोरडी राहिली तर टाकी आत, नाहीतर नाही."

मागच्या अंगणाला उतार, म्हणून टाकी पुढच्या व्हरांड्यात, रस्त्याकडे तोंड करून बसली. शनिवारी दुपारी आधी अर्धी भरली, वाट पाहिली, मग टबातलंच पाणी बादल्यांनी आणून ओतलं, म्हणजे चेअरमनला परकं वाटायला नको. रद्दी कोरडी. ओचुको आणि त्याची माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर टेकून स्वतःचं कौतुक करून घेऊन गेली. खुर्च्या तिथेच राहिल्या.

संध्याकाळी उफुओमा घासणी घेऊन बाथरूमच्या दारात उभी राहिली.

"अगं, दोन दिवस टाकी तपासायची आहे अजून."

"टाकी की पातेलं, एवढंच बोला."

ब्रुमेने चेअरमनला ओल्या टॉवेलात गुंडाळलं आणि छातीशी धरून टाकीत नेऊन सोडलं. नव्या जागी मांगूर हमखास उडी मारतो, म्हणून झाकणावर विटा ठेवल्या. चेअरमनने एक फेरी मारली आणि मधोमध येऊन स्थिरावला. तेवढ्यात वीज गेली. वीज जाण्याचं वॉरीत कुणाला काही वाटत नाही, पण पंप चालायला हवा म्हणून ब्रुमेने जनरेटर लावला. जुन्या मालकाने पंप आणि लाल-निळ्या दिव्यांची माळ एकाच वायरीत गुंफली होती. पंप हवा तर दिवे घ्यावेच लागत. सगळी गल्ली अंधारात, आणि ब्रुमेचा व्हरांडा तेवढा झगमगला. स्वयंपाकघरात उद्यासाठी बकऱ्याचं झणझणीत सूप उकळत होतं, त्याचा वास थेट रस्त्यापर्यंत गेला. ब्रुमे तृप्त होऊन खुर्चीवर पाय पसरून बसला.

टोपीवाला एक पोटेल माणूस आत आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "नमस्कार ओगा. एक गार बाटली, आणि हा." त्याचं बोट चेअरमनवर होतं.

ब्रुमे ताडकन उठला. "अहो, तो विकायचा नाही!"

"सगळे आधी असंच म्हणतात. चढा भाव लावा, आपली ना नाही."

"दोन वर्षं माझ्या बाथरूममध्ये राहिलाय तो!"

"घरचा वाढवलेला? मग तर डोकं मलाच!"

मागोमाग चर्चमधली गाण्याची तालीम आटोपून बायकांचा घोळका शिरला. त्यांची पुढारीण कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ए भाऊ, तो मासा आमचा. मी टॅक्सीतूनच बोट दाखवलं होतं."

"टॅक्सीतलं बोट कोण धरतं?"

"माझं बोट धरत नाहीस? ए बायांनो, सांगा याला!"

बायांनी एका सुरात सांगितलं. ब्रुमेच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आतून चादर आणून टाकीवर टाकली, तर मोठ्या साहेबासाठी मासा राखून ठेवलाय अशी आवई उठली आणि तो बघायला आणखी माणसं आली. खुर्च्या संपल्या तशी माणसं पायऱ्यांवर बसली.

उफुओमा घासणी हातात घेऊनच बाहेर आली. "एजिरोचे बाबा, आता हे काय आणखी?"

"मॅडम, अजून किती वेळ?" पोटेल माणूस कळवळून म्हणाला. "भुकेनं जीव चाललाय."

दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं उफुओमाला जन्मात जमलं नव्हतं. तिने घासणी नवऱ्याच्या हातात दिली आणि बकऱ्याचं पातेलं बाहेर आणलं. वाट्या फिरल्या. भांडणं थांबली, नाकं वाहू लागली, डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम, काय हात आहे तुमचा!" पुढारीण म्हणाली.

इतक्या वर्षांत ब्रुमेच्या तोंडून फक्त "मीठ कमी आहे" एवढंच ऐकलेली उफुओमा चक्क लाजली.

आणि तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. थोरला भाऊ एक दिवस आधीच आला होता. त्याने गर्दी पाहिली, दिवे पाहिले, चादर वर केली आणि बहिणीला कडकडून मिठी मारली. "सूपघर काढलंस आणि भावाला कळवलं नाहीस? मग या घरातला पहिला मासा माझा!" त्याने चेअरमनवर बोट रोखलं.

घरच्या थोरल्या माणसाचं बोट ते, गिऱ्हाइकाचं नव्हे. पुढारणीनेही मान डोलावली. ब्रुमे घासणीसकट टाकीपुढे जाऊन उभा राहिला. मेहुण्याला नाही कसं म्हणायचं? आणि हो तर म्हणवणारच नव्हतं. त्याने फक्त बायकोकडे पाहिलं.

उफुओमाने चेअरमनकडे पाहिलं, रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं, मग वाट्या चाटणाऱ्या माणसांकडे.

"दादा, बोट खाली घे."

"का गं?"

"ही सगळी माणसं कुणाला बघून थांबली? याला! दुकानाची पाटी कुणी शिजवून खातं का?"

ब्रुमेला एवढं भरून आलं की घासणी हातात धरूनच तो म्हणाला, "सूपसुद्धा फार छान झालंय." त्याच्या वाट्याला ते आलंच नव्हतं.

भाऊ रविवारी टबात तासभर डुंबला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खुशीत लागोसला गेला. रद्दी अजून कोरडी ठणठणीत होती.

"टाकी आता बैठकीत घेऊ या," ब्रुमे म्हणाला.

"ती तिथून तसूभरही हलणार नाही," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

हरकत नाही, ब्रुमेने विचार केला. चेअरमन जिवंत होता, बायको गाणं गुणगुणत होती आणि टब रिकामा होता. तो खांद्यावर टॉवेल टाकून दोन वर्षांतल्या पहिल्या खऱ्या आंघोळीला निघाला. बाथरूमचं दार उघडून त्याने दोन पावलं आत टाकली मात्र, टब खळबळला आणि पाण्यातून मिशाच मिशा वर आल्या. टब मांगुरांनी काठोकाठ भरला होता. पहाटेच बाजारातून आले होते, आणि सगळेच्या सगळे ब्रुमेकडे बघत होते.

"एक दिवस बादलीनं केलीत तर काय झिजाल?" उफुओमा स्वयंपाकघरातून म्हणाली.

ब्रुमे टबाच्या काठावर टेकला. एकेकाच्या मिशा तो निरखत गेला.

"एजिरोची आई," शेवटी त्याने हळूच हाक मारली, "हा कोपऱ्यातला आहे ना... याला मी बोट दाखवलंय हं."