केळ-पॉपचं मौन

नांदेडला नदीकाठी व्यंकटीनं गाडा लावला, तेव्हा तळण्याआधी त्यानं नावं कढवली होती. केळीच्या वेफर्सचं 'केळ-पॉप', बटाट्याच्या चिप्सचं 'चिप-हॉप' आणि दहीवड्याचं 'दही-जे'. नावं गोड होती. अडचण एवढीच, की व्यंकटी ती समजावून सांगे.

"दही-जे म्हंजी डीजे! आलं का ध्यानात? वरातीत वाजतो बघा, त्यो. हितं दही वाजून राहिलंय!"

"कळलं ओ भाऊ," म्हणत गिऱ्हाईक पुढच्या गाड्याकडे सरके.

शेवटी त्याच्या बायकोनं, सुकन्यानं, निर्वाणीचं सांगितलं. "पुनवेपर्यंत बघते. न्हाई चाललं तर नावं पुसा अन् मुरुडला मामाच्या दुकानात पुड्या बांधा."

व्यंकटीचा चेहरा उतरला. त्याच्या आईनं, भामाबाईनं, माहूरच्या रेणुकामातेला काहीतरी नवस बोलून सोमवारचं मौन धरलं. काय बोलली, ते त्या दोघींतच राहिलं.

पुनवेआधीच्या सोमवारी व्यंकटी अर्धापूरला केळी आणायला गेला आणि टेम्पो वाटेतच बंद पडला. सुकन्या कामावर. गाड्यावर उरली एकटी भामाबाई. पोटात उपास, ओठांवर मौन. नदीवरून वारा येत होता, कढईची वाफ ऊन पिऊन सोनेरी होत होती. तिला वाटलं, आपण झोपेतच वेफर्स तळतोय.

कॉलेजच्या दोन पोरी थांबल्या. "मावशी, दही-जे म्हंजी काय ओ?"

भामाबाई नुसतीच हसली.

"सांगा की! थांब थांब... दही... डीजे! अगं बाई!"

दोघी खिदळत एकमेकींच्या अंगावर पडल्या. लगेच एकीनं फोन लावला. "ये लवकर. एक मावशी हाय, काय बी विचारलं तर देवीवानी हसती!"

मग पोरांची गर्दी झाली. ज्याला उलगडलं तो नव्याला सांगेना, आणि उलगडेपर्यंत नवा खातच राही. दिवेलागणीला कढईत तेल तेवढं उरलं.

व्यंकटी आला आणि रिकाम्या पराती बघून मटकन खाली बसला. "आई! चोरी झाली का गं?"

भामाबाई पुन्हा हसली.

मंगळवारी पहाटे अंघोळ करून, दिवा लावून ती बोलली. "माहूरच्या आईनं ऐकलं, बाबा. आता नवस फेडायचा."

"फेडू की! काय बोललीस तू?"

"गाडा चालंपर्यंत मौन माझं. चालला, की मौन तुझं. गाड्यावर हाईस तवर, रोज."

"रोज? आई, मंग नावं कोण समजावंल?"

सुकन्यानं चुलीपुढूनच माहूरच्या दिशेनं हात जोडले.

त्या संध्याकाळी एका पोरीनं विचारलं, "दादा, चिप-हॉप म्हंजी काय ओ?" व्यंकटीचे कान लाल झाले. डोळ्यांत पाणी आलं. ओठ थरथरत उघडू लागले.

भामाबाईनं मायेनं त्याच्या तोंडात एक गरम केळ-पॉप सारलं.