सात नंबरची पिशवी

नारायण सर वजनकाटा घेऊन हॉलच्या मधोमध बसले होते आणि त्यांना ओलांडल्याशिवाय घरातल्या कुणालाही स्वयंपाकघरात जाता येत नव्हतं. उद्या सकाळी शिडाच्या होडीतून सहकुटुंब सहल निघणार होती. भाटघर धरणाच्या काठावरून निघायचं, पाण्यापलीकडच्या वाडीला, म्हणजे सरांच्या पत्नी नलूताईंच्या माहेरी जेवायचं आणि संध्याकाळी परत यायचं. सरांनी भोरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला होता. इतकी वर्षं वारा त्यांनी फळ्यावर बाणांनी काढला, पण त्याच्या जिवावर ते कधी कुठे गेले नव्हते.

"चार माणसं आणि एक पिशवी. सम्राटने बजावून सांगितलंय," सर म्हणाले. सम्राट त्यांचाच जुना विद्यार्थी. होडी त्याची होती आणि शीडही तोच सांभाळणार होता.

"एक पिशवी म्हणजे माणशी एक ना?" श्रावणीने विचारलं.

"एकूण एक," सर लेकीला म्हणाले आणि त्या एका पिशवीत दुर्बीण, होकायंत्र, प्रथमोपचाराची पेटी, छत्री आणि घडीची खुर्ची कोंबायला लागले. खुर्चीचे पाय बाहेरच राहिले.

"बाबा, होडीत बसायला फळी असते," मुलगा अद्वय म्हणाला.

"पलीकडे लागेल."

नलूताईंना काहीच न्यायचं नव्हतं. माहेरी जायचं म्हणजे आजवर लाँच. तीही उभ्याने, एका हातात बोचकं आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी पोर. एकदा होडीच्या कडेला बसावं, हात पाण्यात सोडावा आणि तासभर कुणी काही मागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यात त्यांनी हे सरांना दोनदा सांगितलंही होतं. दोन्ही वेळा सर "बघू" म्हणाले होते.

दुपारी शेजारची शुभांगी आली. हातात मिक्सरचं भांडं. "काकू, होडीनं जाताय म्हणं? एवढं ताईकडं द्या की. महिना झाला, हितंच पडून हाय."

शुभांगीचंही चुकत नव्हतं. पलीकडच्या रस्त्यावर मोरीचं काम निघालं होतं, एसटी बंद होती आणि लाँचसुद्धा दुरुस्तीला काठावर चढवून ठेवली होती. अशात कुणी पलीकडे निघालंय ही बातमी आळीपुरती राहणं शक्यच नव्हतं. भाजीवाली पारूबाई बाळंतीण लेकीसाठी डिंकाचे लाडू आणि जाडजूड गोधडी घेऊन आली. कुंडलिकने टाकी लावून, खरखरीत करून घेतलेला पाटा खांद्यावरून आणला. "लई जड न्हाई," असं म्हणून तो उंबऱ्यावर टेकला आणि बराच वेळ धापा टाकत राहिला. रखमाजी बादलीभर भुसा घेऊन आला. भुशात वीस अंडी होती.

"मेव्हणीची कोंबडी खुडूक बसलीया, सर. हिसका बसला तर अंडी वाया जात्याल. जपून न्यायची."

"हे बघा, होडी आहे ती, टेम्पो नव्हे!" सर म्हणाले.

"राहू द्या हो, होईल काहीतरी," नलूताई म्हणाल्या आणि बादली आत घेतली.

संध्याकाळपर्यंत सामानाचे अकरा डाग जमले. सर चिडले, पण वजनकाटा समोर असताना त्यांना फार वेळ चिडता येत नसे. त्यांनी प्रत्येक डागाचं वजन केलं, त्यावर नंबर चिकटवला आणि सुबक अक्षरात यादी केली.

"बाबा, नावं नाही लिहिली?" अद्वयने विचारलं.

"नावाने वजन कमी होतं का?"

"नंबरच बरे. कुणाचं काय ते मला ठाऊक आहे," नलूताई म्हणाल्या.

सकाळी आठला मंडळी काठावर पोचली. सम्राट एकदा डागांकडे आणि एकदा सरांकडे बघत राहिला.

"सर, ही सहल हाय का बिऱ्हाड?"

"दोन फेऱ्या मारू," सर म्हणाले.

"न्हाई जमायचं. ह्यो वारा नवापातूर. मग पडतो, आन सांजच्याला उलटा येतो. तुमीच शिकवलंय न्हवं, डोंगरवारे आन दरीवारे?"

आधी सरांची पिशवी खाली उतरली, खुर्चीसकट. तेवढ्याने भागलं नाही. बाळंतिणीचे लाडू मागे ठेवायचे नव्हते, अंडी काठावर उन्हात सोडायची नव्हती आणि पाटा ठेवला तर कुंडलिकला तोंड दाखवायची सोय नव्हती. मग अद्वय उतरला. काठावर मोबाईलला रेंज चांगली होती, त्यामुळे त्याला फारसं वाईट वाटलं नाही.

"आजून एक मानूस," सम्राट म्हणाला. श्रावणी उतरली.

"आजून एक."

आता होडीत सर आणि नलूताई उरले. दोघांनीही पाण्याकडे पाहिलं.

"मीच जातो," सर म्हणाले. "यादी माझ्याकडे आहे."

घरातून निघाल्यापासून अंगात घातलेल्या लाइफ जॅकेटचा पट्टा नलूताई सोडायला लागल्या. तो सुटायला बराच वेळ लागत होता.

"सर, ही सात नंबरची पिशवी कुनाकडं द्यायची?" सम्राटने विचारलं.

सरांनी यादी उघडली. "सात नंबर. निळी पिशवी, साडेचार किलो, वर सुतळी."

"व्हय, पर कुनाची?"

सरांनी यादी उलटी करून पाहिली. मागे काहीच नव्हतं.

"आन चार?"

"चार... दोन किलो शंभर ग्रॅम."

सम्राटने डोकं खाजवलं. "मग काकूच यायला पायजेत. न्हाईतर ह्येचे लाडू त्येच्या घरी जायाचे."

सर होडीतून उतरले. उतरताना एक पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला, तरी ते कुणावर ओरडले नाहीत. सम्राटने पाटा तळाशी ठेवला. "ह्येनं होडी डुलायची न्हाई," तो म्हणाला. अंड्यांची बादली गोधडीत घट्ट बसली. शीड फुगलं आणि होडी काठापासून सुटली.

दोनच मिनिटांत सरांचा मोबाईल वाजला. पलीकडून नलूताईंचा भाऊ मानसिंग बोलत होता.

"दाजी, निगाला का? हितं समदी मंडळी काठावर आलीत. आक्कानं काल सांजच्यालाच येकेका डागाचा फोटो धाडलाय, खाली नाव लिवून. ज्याचं त्यो उचलून नेईल, तुमी काळजी करू नका. कोन कोन येताय?"

सरांनी पाण्याकडे पाहिलं. होडी अजून फार लांब गेली नव्हती. नलूताई कडेला बसल्या होत्या, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत पाण्यात. काठाकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नव्हतं. सरांना आधी राग आला, पण तो टिकला नाही. एकतीस वर्षांत नलूला इतकं निवांत बसलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं आणि याची त्यांना आता लाज वाटत होती.

"तुझी आक्का एकटीच येतेय," ते म्हणाले.

"येकटीच? का वो?"

"अरे, कुणाचं काय ते तिलाच ठाऊक आहे ना," सर म्हणाले. मग मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून चार पावलं बाजूला जाऊन त्यांनी आवाज खाली आणला. "आणि हे बघ मानसिंग, फोटोंचं मला सांगितलंस, हे तिच्यापाशी बोलू नकोस."