रस्त्यावर घसरण : शून्य

टायर तपासणी केंद्रात काम सकाळी साडेनऊला सुरू होते, आणि ते साडेनऊलाच सुरू होते. केंद्राच्या आवारात अर्धा किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. तो सरळ जातो, शेवटी डावीकडे वळतो, आणि वळणापलीकडे मातीचे मोठे मैदान पसरलेले आहे. डांबराला तिथे 'पक्का' म्हणतात, मातीला 'कच्चा'. दोहोंच्या मध्ये एक पांढरी रेघ आहे. पक्क्याची नोंदवही निळी, कच्च्याची तपकिरी. एका वहीतले दुसऱ्या वहीत जाऊ नये म्हणून दोन्ही वह्या एकाच बाईंच्या ताब्यात दिलेल्या आहेत. त्यांना सगळे मॅडम म्हणतात.

या केंद्रात एक परीक्षक-स्वार होता. बावीस वर्षे त्याचे काम एकच. नवा टायर मोटारसायकलला लावायचा, ती पळवायची, आणि टायर कसा वागला ते खरे खरे सांगायचे. खरे बोलण्याचा पगार मिळतो, ही गोष्ट त्याला बावीस वर्षांनंतरही देवाची कृपाच वाटे. गाडीवर बसण्याआधी तो हेल्मेट उलटे धरी आणि मागच्या चंदेरी पट्टीवरून अंगठा फिरवी. पट्टीवर छापले होते, 'तपासले', आणि खाली कुणा अनोळखी परीक्षकाची वळणदार सही होती. त्या सहीला तो मनोमन हात जोडी.

"आपल्यासारखाच कुणीतरी असणार," तो बायकोला सांगे. "त्याने बघितलंय म्हणजे बघितलंय. मला डोक्याची काळजीच नाही."

"ते दिसतंच," बायको म्हणे.

एका सोमवारी तपासणीला जो टायर आला तो 'नव्वद-दहा' जातीचा होता. म्हणजे नव्वद हिस्से मातीसाठी, दहा हिस्से रस्त्यासाठी. अंगावर बोटभर उंचीचे रबरी ठोकळे, ठोकळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या चरी. उभी गाडीसुद्धा डोंगर चढून आल्यासारखी दिसावी, असा रुबाब. हा टायर घेणाऱ्या शंभरांपैकी नव्वद लोकांनी माती पाहिलेली असते ती कुंडीतली. ते त्यावरून कचेरीत जातात, भाजी आणतात आणि आठवड्यातून एकदा ठोकळ्यांमधली धूळ दात घासायच्या ब्रशने काढतात. पण केंद्र टायरची प्रकृती बघते, गिऱ्हाइकाची नाही. प्रकृतीप्रमाणे सत्तावीस फेऱ्या मातीत ठरल्या आणि तीन रस्त्यावर.

मातीतल्या फेऱ्या झाल्या आणि स्वाराने टायरचे तोंडभरून कौतुक केले, कारण टायर कौतुकाचाच होता. भुसभुशीत मातीत असा धरून चाले की लेकराने आईचा पदर धरावा. वळताना मागचे चाक थोडे सरके, पण ते सरकणे मर्जीतले. मातीत मोजके घसरणे ही कसबाची गोष्ट मानतात, म्हणून तपकिरी वहीत घसरण्याला गुण आहेत. जितके घसराल तितके गुण, कमाल दहा. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मंगळवारी नियमाप्रमाणे रस्ता पाइपने ओला केला आणि पहिली फेरी सुरू झाली. सरळ रस्ता पार पडला. वळणावर गाडी कलली, ठोकळे ओल्या डांबरावर मुडपले, आणि मागचे चाक मालकाला न विचारता निघून गेले. गाडी आडवी घसरत पांढरी रेघ ओलांडून मातीत पोचली. तिच्यामागून स्वार. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसे. कोपर सोलले होते, पण त्याला बरेच वाटले. टायरमधली खोट गिऱ्हाइकाच्या आधी परीक्षकाला सापडावी, याचसाठी तर देवाने परीक्षक निर्माण केले आहेत.

तो लंगडत मॅडमच्या टेबलाशी आला. "मॅडम, टायर घसरला. ओल्या वळणावर. वेग चाळीस."

मॅडमनी निळ्या वहीवर टेकलेले पेन थांबवले. "गाडी थांबली कुठे?"

"मातीत."

"मग मातीत घसरला." त्यांनी तपकिरी वही ओढली.

"अहो, घसरायला सुरुवात रस्त्यावर झाली."

"सुरुवात कुठेही होते. माणूस आजारी एका गावी पडतो, मरतो दुसऱ्या गावी. दाखला कुठला मिळतो?" त्यांनी नियमांचे पुस्तक न उघडता त्यावर बोट ठेवले. "वाहन अंतिमतः ज्या जागी स्थिरावेल, त्या जागेच्या वहीत नोंद. मी केलेला नाही हा नियम. मी फक्त वाचलाय."

"पण मग रस्त्यावर घसरलेली गाडी रस्त्याबाहेरच जाणार ना?"

"म्हणून तर आजवर या केंद्रात रस्त्यावर एकही टायर घसरलेला नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. "घसरला किती?"

"नऊ मीटर."

"दहापैकी नऊ. छान. स्वार वाहनापासून विलग झाला?"

"झाला. उडाला."

"विलग होताना अडथळा?"

"अडथळा कसला? काही कळलंच नाही."

"सहज विलग. त्याचे दोन वेगळे." मॅडमनी बेरीज केली. निळ्या वहीत, 'रस्त्यावर घसरण' या रकान्यात, त्यांनी सुवाच्य शून्य काढले.

स्वार माघारी गाडीशी आला आणि विचारात पडला. नियम वाकडा नव्हता, तोच वाकडा पडला होता. रस्त्यावर पडायचे तर रस्त्यावरच राहिले पाहिजे. दुसऱ्या फेरीत त्याने वळण येऊच दिले नाही. सरळ रस्त्याच्या मधोमध, पाणी साचले होते तिथे, त्याने ब्रेक दाबला. टायरने आपला शब्द पाळला. गाडी कोसळली. स्वाराने हातपाय पसरून डांबराला मिठी मारली, म्हणजे देह रेघेपलीकडे जाऊ नये. देह गेला नाही. उजवा पाय मात्र गाडीखाली गेला आणि घोट्यातून वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

मॅडम फीत घेऊन स्वतः आल्या. त्यांनी मोजले, पुन्हा मोजले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजले.

"थांबण्याचे अंतर चार मीटर," त्या हळूच म्हणाल्या. "बावीस वर्षांत कोणी इतक्या कमी अंतरात थांबलं नव्हतं हो."

"मॅडम, ती आडवी थांबलीय."

"रकाना अंतराचा आहे. उभी की आडवी, विचारलेलं नाही."

"मी पडलोय. तुमच्या समोर पडलोय."

"तुम्ही रस्ता सोडला नाहीत, ही जमेची बाजू." त्यांनी निळ्या वहीत खूण केली. "पाय दुखतोय का? सावलीत बसा. एक फेरी राहिलीय."

तिसऱ्या फेरीला स्वार बसलाच नाही. एका पायावर उभा राहून म्हणाला, "मी या टायरवर बसणार नाही."

हे ऐकून विभागाचे साहेब खाली उतरले. साहेब स्वभावाने गोड. त्यांनी स्वतःच्या हाताने खुर्ची आणून स्वाराला बसवले. "नका बसू. जबरदस्ती कोणी केलीय? तुमचा जीव मोलाचा. मॅडम, तिसरी फेरी घेऊन टाका."

"गाडी उभी आहे, साहेब."

"उभी तर उभी. स्थिरावली ना?"

उभ्या गाडीने अर्धा तास उत्कृष्ट कामगिरी केली. घसरण शून्य, झीज शून्य, आवाज शून्य. फेरीदरम्यान स्वाराची तक्रार: नाही. पाण्यावर पकड: संपूर्ण. तिन्ही फेऱ्यांची बेरीज झाली तेव्हा केंद्राच्या इतिहासात इतके गुण कुणालाच मिळाले नव्हते असे निघाले. साहेबांनी अहवाल स्वाराच्या मांडीवर ठेवला आणि पेन दिले.

"मला हरकत घ्यायचीय," स्वार म्हणाला.

"जरूर घ्या. हरकत म्हणजे तर या केंद्राचा प्राण. पण हरकत अहवालावर घेतात. सही झाल्यावर अहवाल होतो, तोवर तो नुसता कागद. आता कागदावर तुम्ही कशी हरकत घेणार?"

"सही केली म्हणजे मला मान्य आहे, असं होईल."

"छे हो. सही फक्त हजेरीची. तुम्ही चाचणीला हजर होतात, एवढंच." साहेबांनी मान वाकडी करून मायेने विचारले, "नव्हतात का?"

होता. हजर तर तो होता. घोटा साक्ष देत होता. खोटे बोलणे त्याला जन्मात जमले नव्हते, म्हणून त्याने सही केली. मग दुखता पाय स्टुलावर ठेवून चौदा पानी हरकत लिहिली. वळणाचे चित्र काढले, ठोकळा कसा मुडपतो त्याची आकृती काढली. मॅडमनी ती टाचणी लावून अहवालाला जोडली आणि मुखपृष्ठावर लिहिले, 'पुरवणी पाने चौदा.' हरकत जागेवर पोचली.

डॉक्टरांनी सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले. रजेचा अर्ज घेऊन तो मॅडमकडे गेला, तर दोन दिवस मिळाले.

"पहिल्या फेरीत मातीत पडलात. माती मऊ असते. मऊ जागेचे दोन दिवस."

"पाय दुसऱ्या फेरीत मोडला. रस्त्यावर."

मॅडमनी निळी वही पाहिली. "रस्त्यावर तुम्ही पडल्याची नोंद नाही. थांबल्याची आहे. थांबायला रजा नसते." आणि मग, वही मिटून, खऱ्या काळजीने म्हणाल्या, "घरी कुणी आहे ना करायला?"

घरी बायको होती, आणि मुलगी होती. मुलीला नुकतीच नोकरी लागली होती. पहाटे रस्ते झाडून, धुऊन काढलेले असतात तेव्हा ती मोटारसायकलवर निघे आणि घरोघरी जाऊन तपासणीसाठी लोकांचे रक्त गोळा करून आणी. कामात तिची गाडी मातीला कधी शिवत नसे. ओल्या डांबराला मात्र रोज.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी ती दोन्ही खांद्यांवर दोन टायर अडकवून जिना चढली. ठोकळे बोटभर उंच. टायर तिने बापाच्या खुर्चीसमोर उभे केले आणि लेबल त्याच्याकडे फिरवले.

"ओळखा, सही कुणाची?"

लेबलवर तीन ओळी होत्या. 'रस्त्यावर घसरण : शून्य.' 'चौदा पानी सखोल तपासणी.' आणि तिसरी ओळ म्हणजे त्याचे स्वतःचे नाव, त्याच्याच वळणात.

"परत कर," तो म्हणाला.

"काय बाबा! दुकानात म्हटलं माझ्या बाबांची सही आहे, तर दुकानदाराने चहा पाजला मला. रांग लागलीय या टायरला."

"हा ओल्या रस्त्यावर घसरतो."

"इथे शून्य लिहिलंय."

"लिहिलेलं राहू दे. मी सांगतोय ना तुला."

"तुम्ही घरात सांगताय. घरात तुम्ही मला जिनासुद्धा हळू उतर म्हणता. तिथे तुम्ही लिहून दिलंय."

बायको आतून म्हणाली, "तिचं काय चुकलं? घरातलं बोलणं कुणी ऐकत असतं तर बावीस वर्षांत माझं एखादं ऐकलं गेलं असतं."

मुलगी खाली बसली, लेबलवरून बोट फिरवत. तिच्या आवाजातली चेष्टा गेली होती. "बाबा, खोटं असतं तर तुम्ही सही केली असतीत?"

बावीस वर्षांत त्याला कोणी इतका मोठा मान दिला नव्हता, आणि तो त्याला झेपेना. "सही हजेरीची होती," तो म्हणाला. "मी हजर होतो, एवढंच."

"आणि हा पाय?"

"मातीत..." सवयीने तोंडून गेले. मग तो थांबला. "नाही. रस्त्यावर. ओल्या रस्त्यावर, याच टायरवर."

मुलगी पुढे सरकली. रक्ताच्या बाटल्यांवर नाव घालायचे काळे पेन तिच्या खिशात होते. तिने बापाचा पाय मांडीवर घेतला आणि प्लास्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'रस्त्यावर. ओल्या.' मग पेन त्याच्या हातात दिले. त्याने वाकून खाली सही केली. त्या तपासणीची खरी नोंद एवढी एकच झाली, आणि सहा आठवड्यांनी ती डॉक्टर कापून टाकणार होते.

दुसऱ्या दिवशी ती टायर परत करायला गेली. परतीच्या अर्जात कारणांचे दोनच रकाने होते: 'माप चुकले' आणि 'रंग आवडला नाही'. मागे रांग होती, कामाला उशीर होत होता. तिने 'रंग आवडला नाही' वर खूण केली. टायर काळे होते. ती वळेपर्यंत ते रांगेतल्या पुढच्या माणसाने घेतलेसुद्धा.

आता रोज सकाळी तीच बापाला केंद्रावर सोडते, जुन्याच साध्या टायरांवर. प्लास्टरचा पाय बाजूला काढून तो मागे बसतो. पहिल्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे हेल्मेट उलटे धरले, चंदेरी पट्टीवर अंगठा ठेवला, आणि अंगठा तिथेच राहिला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. याची मान कशी असेल, बघत होतो."

"कुणाची?"

त्याने पट्टीवरच्या सहीवर बोट ठेवले. हेल्मेट घातले, पट्टा दोनदा ओढला, आणि म्हणाला, "हळू चल."

आणि मायबाप, रांगेतला तो पुढचा माणूस कोण, हे विचारू नका. आपण आपल्या लिफ्टमधली प्रमाणपत्राची चौकट बघा, शेगडीच्या नळीवरचा शिक्का बघा, मुलांच्या औषधाच्या बाटलीचा तळ बघा. कुठे ना कुठे एक सही सापडेल. ती करणारा माणूस सज्जन आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. तो नक्की हजर होता.