शंभर टक्के जागेवर

जगात जी वस्तू जागेवर सापडत नाही ती नसल्यातच जमा धरावी, हे तत्त्व हंगेरीतल्या सेगेद शहराच्या मेंदू-संशोधन संस्थेने एकदा स्वीकारले आणि मग मागे वळून पाहिले नाही (मागे वळायला खुर्चीतून उठावे लागते).

तत्त्वाचे मूळ मेंदूतच होते. दोन पेशी जिथे एकमेकींच्या कानाशी लागतात, त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. एक पेशी निरोप फेकते, दुसरीच्या अंगावरचे रिसेप्टर तो झेलतात. रिसेप्टर जातीचे भटके. पण पेशीच्या आत गेफिरिन नावाचे प्रथिन असते, ते खालून त्यांचे पाय धरते, म्हणून ते नेमक्या ठिकाणी थांबतात. संचालक केरेकेश यांना ही व्यवस्था फार भावली.

त्यांनी स्थैर्य विभाग काढला. एका रिसेप्टरखाली गेफिरिनची दाटी असते, त्याच न्यायाने दर संशोधकामागे तीन कारकून नेमले. प्रत्येक खुर्चीत वजन कळणारी चकती बसवली. कॅलेंडरात ज्याच्या नावाचा दिवस, म्हणजे नामदिन, असेल त्याने पोगाचा नावाचे छोटे खारे पाव भाजून आणायचे आणि खोल्याखोल्यांतून वाटत, गप्पा मारत हिंडायचे, ही जुनी खोडही मोडली. आता ज्याचे पोगाचा त्यानेच आपल्या जागी बसून संपवायचे. (चकत्यांवरचे सरासरी वजन लवकरच वाढले. विभागाने ती स्थैर्यातली वाढ म्हणून जाहीर केली.)

या दुधात मिठाचा खडा एकच, बोग्लार्का. ती गेफिरिनवरच काम करी, आणि चार वाजले की लेकीला, विल्माला, पाळणाघरातून आणायला उठून जाई. तिचा करार संपत आला होता. काम पाहून तो वाढवायचा की नाही, हे समिती ठरवणार होती.

समिती आली. बोग्लार्काने जिवंत पेशींची चित्रफीत लावली. चमकता ठिपका, म्हणजे एक रिसेप्टर, सिनॅप्सपाशी आला, गेफिरिनने त्याला धरले, तो जरा टेकला, सुटला, आणि भटकायला निघाला. त्याच्या जागी दुसरा आला. सिनॅप्स तसाच ठाम.

"हा कुठे निघाला?" केरेकेशांनी विचारले.

"फिरायला, सर."

"कोणाला विचारून?"

बोग्लार्काला विल्मा दिसू लागली: घसरगुंडीकडे पळते, मध्येच येऊन आईच्या गुडघ्याला हात लावते, खात्री झाली की पुन्हा पळते.

"सर, त्यांची ये-जा असते म्हणून तर पेशीला नवं शिकता येतं," ती म्हणाली. "धरायचं असतं, पण सुटता येईल इतपतच."

समितीतल्यांनी एकमेकांकडे पाहिले (बसल्या जागेवरून). करार बुडाल्यात जमा होता.

"अगं बये, ती दुसरी स्लाइड लाव," शेजारच्या टेबलावरचा झोम्बोर पुटपुटला. "विल्मा काय तत्त्व खाणार आहे?"

दुसरी स्लाइड मोजदादीसाठी फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवलेली होती. तीत एकही ठिपका हलेना. केरेकेश बराच वेळ भारावून पाहत राहिले.

"याला म्हणतात शिस्त. काय घातलंत यात?"

"फॉर्मॅलिन. पण सर, त्याने पेशी मरते."

"जागा सोडते का?"

"नाही."

"मग झालं तर."

बोग्लार्काची नेमणूक त्याच बैठकीत कायम झाली. तेव्हापासून ती रोज चार वाजता आपल्या वजनाइतके बटाटे खुर्चीत ठेवते आणि विल्माला आणायला जाते. यंदाचे स्थैर्यपदक त्याच खुर्चीला मिळाले. बटाट्यांना मोड आलेले आहेत, आणि त्यांचीही बढती विचाराधीन आहे.

वाचकांनी हसू नये. ही कथा सुरू झाल्यापासून आपणही जागचे हललेले नाहीत. विभागाने त्याची कौतुकाने दखल घेतली असून, आपल्याला कायम करण्यासाठी माणूस फॉर्मॅलिनची बाटली घेऊन निघाला आहे.