गटार : अपूर्ण वर्तमानकाळ

हनुमंतरावांच्या घरामागचं गटार फुटलं आणि त्यातलं पाणी विहिरीत झिरपू लागलं. दुसऱ्या राज्यात माणसाने दोन घमेली माती टाकून ते बुजवलं असतं. पण कुंभकोणमवर इंग्रजांचं राज्य होतं, गटार सरकारी होतं आणि सरकारी गटाराला परस्पर हात लावणाऱ्यास दंड होता. गटाराला हात लावायचा नव्हता, ते इंग्रजीत कळवायचं होतं.

हनुमंतराव विड्याच्या पानांचे व्यापारी. घरात मराठी, बाजारात तमिळ. तिसऱ्या भाषेची त्यांना कधी गरज पडली नव्हती. कचेरीबाहेर चिंचेखाली सुंदर नावाचा अर्जनवीस बसे. त्याने अर्ज लिहून दिला आणि म्हणाला, "रायर, काळजी नको. साहेब वाचून रडेल."

साहेबाच्या आधी तो हेडक्लार्क अप्पारावांनी वाचला. अप्पाराव तंजावरकडचेच, मराठी बोलणारे, हनुमंतरावांच्या दूरच्या नात्यातले. गटार फुटलेलं त्यांना चालत असे. वाक्य फुटलेलं चालत नसे.

"'ए ड्रेन' लिहिलंय," ते म्हणाले. "म्हणजे कुठलंही एक गटार. गावात गटारं पुष्कळ. सरकारने काय चिठ्ठ्या टाकाव्यात?"

अर्ज परत आला. सुंदरने 'ए' काढून 'द' घातला. मग 'सिन्स'च्या जागी 'फॉर' हवं होतं. मग एक स्वल्पविराम राहिला होता; त्यावाचून वाक्याचा अर्थ असा होत होता की हनुमंतरावांची बायको फुटली असून गटार तापाने आजारी आहे.

बायको खरोखरच तापाने आजारी होती. कावेरी आटलेली, विहीर ती एकच. पाणी उकळून प्यायला वैद्यांनी सांगितलं होतं. पण उकळलं तरी वास काही जात नव्हता. मीनाक्षीबाई अंथरुणावरून रोज विचारत, आज काय झालं. हनुमंतराव रोज सांगत, आज अमुक शब्द सुधारला.

"गटार शाळेत घातलंय म्हणायचं," त्या म्हणाल्या. "शिकून मोठं झालं की मला सांगा."

पुढच्या खेपेला शेवटचं वाक्य अडलं. 'जरूर ते करावं' याचं सुंदरने शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं होतं. इंग्लंडात असं कुणी म्हणत नाही, असं अप्पारावांचं मत पडलं.

"मग इंग्लंडात काय म्हणतात?" हनुमंतरावांनी विचारलं.

"इंग्लंडात तसं म्हणायची वेळच येत नाही. तिथे गटारं धड असतात."

त्याच आठवड्यात मीनाक्षीबाई गेल्या. तेराव्यानंतर हनुमंतराव स्वतः चूल पेटवायला बसले, तेव्हा मीठ कुठल्या डब्यात असतं हे विचारायला उठून माजघरापर्यंत गेले, आणि तिथे उभे राहिले. मग आळणीच जेवले आणि कचेरीत गेले. विहिरीवर अजून सारी गल्ली पाणी भरत होती.

अप्पारावांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी खुर्ची दिली, डोळे पुसले, अर्ज पुढे ओढला.

"काळ चुकलाय," ते हळूच म्हणाले.

"माझ्याकडे नाही चुकला. बरोबर घरी आला."

"क्रियापदाचा म्हणतोय मी. अर्जात बायको आजारी 'आहे'. सरकारला खोटं कळवणं गुन्हा आहे, हनुमंतराव. 'होती' करा."

"आणि गटार?"

"ते 'वाहत आहे'च राहू द्या. अपूर्ण वर्तमानकाळ. तेवढं पहिल्यापासून बरोबर होतं."

आता अर्जात एकही चूक उरली नाही. तो गोऱ्या साहेबापुढे गेला. साहेब घाईत होता. त्याने कोपऱ्यात शेरा मारला की ड्रेन ताबडतोब दुरुस्त करावं. पण ड्रेनमधला 'आय' गाळून त्याने शेवटी एक 'ई' जोडली.

तो शेरा कचेरीत मेजावरून मेजावर फिरला. साहेबाचं स्पेलिंग चूक म्हणणं राजद्रोहाच्या जवळ जात होतं, आणि हुकूम पाळावा तर त्या स्पेलिंगची वस्तू कुठेतरी असायला हवी. अप्पारावांनी शब्दकोश पाहिला. शिपाई गावभर फिरवला. अखेर त्यांनी सविनय कळवलं की हुकुमात नमूद केलेली वस्तू कुंभकोणमच्या हद्दीत आढळत नाही. आढळल्यास ताबडतोब दुरुस्त करण्यात येईल. प्रकरण मिटलं. निर्दोष इंग्रजीचा नमुना म्हणून अर्ज मात्र चौकटीत बसवून कचेरीच्या भिंतीवर लावण्यात आला.

पुढे पुण्याचे एक विद्वान जुन्या पोथ्या पाहायला तंजावरास आले होते, ते जाता जाता कुंभकोणमला हनुमंतरावांकडे उतरले. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं.

"कोणी नाही. बाइल गेली," हनुमंतराव म्हणाले, आणि सगळी हकिकत सांगितली.

विद्वानांनी वही काढून ती उतरून घेतली. त्यांनी ती हकिकत हनुमंतरावांच्याच शब्दांत पुण्याच्या एका मासिकात छापली. पत्रांचा पाऊस पडला. निम्म्या वाचकांचं म्हणणं, 'बाइल' शब्द ग्राम्य आहे, 'पत्नी' म्हणावं. उरलेल्यांचं म्हणणं, ग्राम्य नाही, जुना आहे; पण त्यातली 'ई' दीर्घ हवी. विद्वानांनी सगळी पत्रं अगत्याने कुंभकोणमला पाठवून दिली.

हनुमंतरावांनी ती एकेक करून वाचली. गटार दुरुस्त झालं का, असं एकानेही विचारलं नव्हतं.

आणि तुम्हीही, खरं सांगा, मागे जाऊन आधी ती 'इ'च पाहिलीत.